मेंदूच्या शिरेतील गुठळी : बहिणीचे निदान झाले, आता घरातील इतरांनी काय तपासावे?

निशिगंध, कोल्हापूर

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला (वय ३१) गेल्या गणपतीत मेंदूतील शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे निदान झाले. ती आता घरी आहे, हिंडते-फिरते, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे. परंतु तपासणीच्या वेळी सगळे प्रश्न आठवत नाहीत आणि घरी आल्यावर मात्र झोप लागत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

हरतालिकेचा निर्जळी उपवास, गौरींच्या पूजेत अडचण नको म्हणून आधीपासून सुरू केलेल्या पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या, आणि मुळातच नऊच्या घरातले हिमोग्लोबिन, अशा अवस्थेत तिचे डोके दुखू लागले. लहानपणापासून तिला पित्ताचा त्रास असल्याने हेही पित्तच, असे घरात सर्वांनी गृहीत धरले. पण हे दुखणे उलटी झाल्यावर थांबणारे नव्हते. ते दिवसागणिक वाढत गेले, आडवे झाले की अधिक होई, पहाटे त्यानेच जाग येई, आणि खोकताना किंवा खाली वाकताना कपाळ फुटेल की काय असे तिला वाटे. साध्या सीटी स्कॅनमध्ये काहीही आढळले नाही. पुढे उजव्या हाताला झटके येऊन आकडी आली, तेव्हा केलेल्या एमआरआय आणि व्हेनोग्राफीत (शिरांच्या चित्रणात) डोक्याच्या मध्यरेषेवरील मोठ्या शिरेत गुठळी आणि मेंदूच्या डाव्या भागात थोडा रक्तस्राव दिसला. रक्तस्राव असूनही तिला हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, इंजेक्शने देण्यात आली, याचे आम्हांला तेव्हा फार भय वाटले होते. आता अ‍ॅसेनोकौमारॉलच्या (याही रक्त गोठू न देणाऱ्या) गोळ्या आणि आकडीचे औषध चालू आहे.

रुग्णालयात असतानाच रक्ताचा एक मोठा तपासणीसंच करण्यात आला. त्यात प्रोटीन एस कमी आले असून एमटीएचएफआर नावाची तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आहे. आमच्या मावशीला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती, हे आईला आता आठवले. तेव्हा हे घराण्यातून आलेले आहे असे समजावे का? मला स्वतःला अर्धशिशी आहे आणि पीसीओडीसाठी मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. मी तपासणी करून घ्यावी का? आणि बहिणीला अजून मूल नाही, तिने पुढे गर्भधारणेचा विचार करावा की नाही?

मेंदूवैद्य, पुणे

निशिगंध ताई, मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न तपासता उपचार सांगणे योग्य नव्हे, त्यामुळे गोळ्यांच्या मात्रेविषयी मी काही लिहिणार नाही. पण तुम्ही वर्णन इतके नेमके केले आहे की आजार समजावून सांगणे सोपे जाईल.

मेंदूला रक्त पोहोचवणारी धमनी बंद पडली की होणारा पक्षाघात सर्वांना ठाऊक असतो. येथे बिघाड उलट्या बाजूचा आहे, म्हणजे मेंदूतून रक्त परत नेणारी वाट तुंबते. मेंदूभोवतीचे पाणी, ज्याला आपण मस्तिष्कद्रव म्हणतो, तेही बऱ्याच अंशी याच मोठ्या शिरांमध्ये शोषले जाते. त्यामुळे शीर तुंबली की रक्त आणि पाणी दोन्ही साचून कवटीतील दाब वाढतो. डोकेदुखी येते ती प्रामुख्याने या दाबामुळे. आडवे झाल्यावर, खोकताना, वाकताना दाब आणखी वाढतो, म्हणून तेव्हा दुखणे तीव्र होते. हाच दाब डोळ्यांच्या मज्जातंतूंवर आला तर नजर क्षणभर अंधारते, एकाच्या दोन वस्तू दिसतात, आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास दृष्टी कायमची अधू होऊ शकते. बहिणीच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली नसेल तर ती अवश्य करून घ्यावी. ती पुन्हा केव्हा करायची हेही तेव्हाच विचारून ठेवावे.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील ६२४ रुग्णांच्या अभ्यासात सुमारे ८९ टक्के रुग्णांना डोकेदुखी होती आणि जवळजवळ ३९ टक्के रुग्णांना आकडी आली होती. त्याच अभ्यासात सुमारे ७९ टक्के रुग्ण पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले, हा आकडा तुमच्या आईला जरूर सांगा. साधा सीटी स्कॅन निर्दोष आला यात नवल नाही. या आजारात पुष्कळ रुग्णांच्या साध्या सीटीत काहीच दिसत नाही, आणि शिरांचे स्वतंत्र चित्रण केल्याशिवाय निदान पक्के होत नाही. म्हणूनच, ज्या बाईला अलीकडे बाळंतपण झाले आहे किंवा जी हार्मोनच्या गोळ्या घेत आहे, तिला नवीन, वाढत जाणारी आणि नेहमीपेक्षा वेगळी डोकेदुखी झाली तर ‘सीटी नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो. बाळंतिणीच्या बाबतीत आणखी एक गफलत होते. पाठीत इंजेक्शन देऊन सिझेरियन झाले असेल तर त्या इंजेक्शनाचीच डोकेदुखी समजून वाट पाहिली जाते. ती डोकेदुखी बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर थांबते. हे उलटे झाले, किंवा बसण्या-झोपण्याने काही फरकच पडेनासा झाला, तर शिरेतील गुठळीचा विचार त्याच दिवशी व्हायला हवा.

रक्तस्राव असताना हेपॅरिन का, ही तुमची शंका रास्त आहे. हा रक्तस्राव रक्तवाहिनी आपणहून फुटल्याने झालेला नसतो. पुढची वाट बंद असल्याने मागे दाब चढून रक्त झिरपलेले असते. वाट मोकळी झाली तरच दाब उतरतो. १९९१ साली म्युनिकच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्ण अवघे २० होते. हेपॅरिन मिळालेल्या १० पैकी एकही दगावला नाही आणि न मिळालेल्या १० पैकी तिघे दगावले. अभ्यास लहान होता, पण त्यानंतरच्या अनुभवाने तो मार्ग टिकून राहिला, आणि आज रक्तस्राव दिसत असला तरी हेपॅरिन हाच पहिला उपचार मानला जातो.

आता तुमच्याविषयी. अर्धशिशी सुरू होण्यापूर्वी तुम्हांला डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा, काळे ठिपके किंवा हाताला मुंग्या असे काही जाणवते का? आणि तुमच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आहे का? या दोन गोष्टी कृपया कळवा.

रक्तपरीक्षा, मुंबई

मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून केवळ तपासण्यांविषयी लिहिते. बहिणीला प्रोटीन एसची जन्मजात कमतरता आहे असे या अहवालावरून म्हणता येणार नाही. नाही असेही म्हणता येणार नाही. रक्त ज्या वेळी घेतले ती वेळच त्या तपासणीसाठी चुकीची होती.

रक्त गोठू लागले की ते मर्यादेत ठेवण्यासाठी शरीर प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिन हे तीन पदार्थ वापरते. मोठी ताजी गुठळी असताना ते खर्च होत असल्याने त्यांची पातळी तात्पुरती घटते. हेपॅरिन चालू असताना अँटीथ्रॉम्बिन आणखी कमी दिसते. प्रोटीन सी आणि एस यांच्या निर्मितीला जीवनसत्त्व के लागते आणि वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकौमारॉल नेमके त्याच्याच आड येतात, म्हणून त्या गोळ्या चालू असतानाचा अहवालही विश्वासार्ह नसतो. प्रोटीन एस तर गरोदरपणात आणि इस्ट्रोजेनमुळेही उतरते. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ताजी गुठळी आणि हार्मोनच्या गोळ्या अशी दोन कारणे एकाच वेळी हजर होती. गुठळी होऊन किमान तीन महिने उलटल्यावर, आणि उपचारकर्त्यांनी गोळ्या थांबवणे सुरक्षित ठरवले तर त्यानंतर काही आठवड्यांनी, मुक्त प्रोटीन एसची तपासणी पुन्हा करावी. केवळ तपासणीसाठी गोळ्या स्वतःहून बंद करणे जिवावर बेतू शकते, हे कृपया विसरू नका.

फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन जनुकातील बदल (दोन्ही रक्त गोठण्याचा कल वाढवणारे) या दोन तपासण्या थेट जनुकाच्या असल्याने केव्हाही करता येतात. मात्र १९९४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे शोधला गेलेला पहिला बदल युरोपीय लोकांत जितका आढळतो तितका आपल्याकडे आढळत नाही, आणि दुसरा तर भारतात अतिशय दुर्मीळ आहे. आपल्याकडे जन्मजात कारण सापडलेच तर ते वर सांगितलेल्या तीन प्रथिनांच्या कमतरतेत सापडण्याचा संभव अधिक, आणि नेमकी तीच तपासणी अवेळी केली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. कारण एकदा कागदावर ‘कमतरता’ असे छापले गेले की ते त्या मुलीला आयुष्यभर चिकटते.

एमटीएचएफआरचा अहवाल तुम्ही बाजूला ठेवावा. हा जनुकबदल निरोगी लोकांतही भरपूर आढळतो, त्यावरून गुठळीचा धोका ठरत नाही, आणि तो तपासू नये असे जनुकशास्त्राच्या तज्ज्ञ संघटनांचेच मत आहे. तरीही तो महागड्या संचांत घातला जातो आणि ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाने माणसे घाबरतात. त्याऐवजी रक्तातील होमोसिस्टीन (वाढल्यास गुठळीशी संबंध असलेला पदार्थ) आणि ब-१२ जीवनसत्त्व मोजणे उपयोगाचे आहे. पुण्यातील मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४४१ पैकी सुमारे ६७ टक्के जणांचे ब-१२ कमी होते. होमोसिस्टीन वाढण्याचे आपल्याकडील मोठे कारण हेच असून त्यावर स्वस्त उपचार आहे.

अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची, म्हणजे गुठळीचा कल वाढवणाऱ्या प्रतिपिंडांची, तपासणीही झाली असेल. तो दोष जन्मजात नसतो, पण तो आढळल्यास बारा आठवड्यांनी पुन्हा खात्री करावी लागते आणि औषधाची निवड त्यावर अवलंबून असते. प्रथिनांची फेरतपासणी जेथे या विषयाचा अनुभव आहे अशाच ठिकाणी करावी. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्था आहे. रक्त गोठण्याच्या विकारांवर तेथे दीर्घकाळ काम चालते. तेथे जाण्यापूर्वी उपचारकर्त्या डॉक्टरांचे पत्र सोबत घ्यावे.

भीमाकाठ, सोलापूर

मी पुरुष आहे आणि मला हाच आजार झाला होता, म्हणून लिहीत आहे. हा केवळ बायकांचा आजार असल्याचा समज मला फार महागात पडला. उन्हाळ्यात जुलाबांनी अंगातील पाणी गेले असताना डोकेदुखी सुरू झाली आणि ती ऊन लागल्याची आहे असे सर्वांनी मानले. माझ्यात पुढे प्रोटीन सीची कमतरता दोन वेळा योग्य वेळी तपासून निश्चित झाली. वडिलांच्याही पायात दोनदा गुठळी झाली होती. मला गोळ्या कायम घ्यायच्या आहेत.

आपल्या भगिनीस दोन गोष्टी सांगाव्यात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) तपासणी चुकवू नये. माझ्यासाठी डॉक्टरांनी ते दोन ते तीनच्या दरम्यान ठेवण्यास सांगितले आहे. पालेभाज्या बंद करण्याची आवश्यकता नाही, त्यांचे प्रमाण मात्र आठवड्यागणिक साधारण सारखे असावे. श्रावणात आमच्याकडे रोज निराळी पालेभाजी होते आणि त्या महिन्यात माझे आयएनआर हमखास खाली जात असे. आता घरी ते सर्वांना ठाऊक आहे. अंगदुखीच्या गोळ्या, प्रतिजैविके, काढे आणि वनौषधी यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

दुसरी गोष्ट भीतीची आहे. बरे झाल्यावरही पुष्कळ काळ माझे डोके अधूनमधून दुखत असे आणि प्रत्येक वेळी गुठळी परत आली असे वाटून मी रात्रभर जागा राहत असे. पुन्हा केलेल्या चित्रणात शीर बऱ्याच अंशी मोकळी झालेली दिसली, तेव्हा मन थोडे स्थिर झाले. घरच्यांनी ‘आता बरे झाले ना, मग कसली डोकेदुखी’ असे म्हणू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

मेंदूवैद्य, पुणे

भीमाकाठ यांचे म्हणणे महत्त्वाचे आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधील ४२८ रुग्णांच्या नोंदीत तर पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा अधिक होती, आणि रक्तक्षय, वाढलेले होमोसिस्टीन, मद्यपान ही कारणे ठळक होती. जुनी डोकेदुखी राहणे हेही पुष्कळ रुग्णांत दिसते आणि ती बहुधा नव्या गुठळीची नसते. पण ती पूर्वीच्या त्या दिवसांसारखी वाढत जाऊ लागली, किंवा तिच्याबरोबर दिसण्यात, बोलण्यात, हातापायांत फरक पडला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

निशिगंध, कोल्हापूर

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. एमटीएचएफआरचा कागद गेले काही आठवडे देव्हाऱ्याशेजारी ठेवून आई रोज त्याच्याकडे पाहत होती. रक्तपरीक्षा ताईंचे उत्तर मी तिला वाचून दाखवले.

डॉक्टर, अर्धशिशीपूर्वी मला डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेषा दिसते आणि ती हळूहळू पसरते. गोळ्यांच्या पाकिटावर एथिनिल इस्ट्राडायोल असे लिहिले आहे. बहिणीच्या गोळ्या नॉरएथिस्टेरॉनच्या होत्या. त्यात तर इस्ट्रोजेन नसते ना? मग त्यांचा संबंध कसा?

मेंदूवैद्य, पुणे

मग तुम्ही कोणत्याही रक्ततपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून गोळी बदलून घ्यावी. अर्धशिशीपूर्वी नागमोडी रेषा दिसणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेऊ नयेत हा नियम धमनीच्या पक्षाघातामुळे आधीच आहे. सख्ख्या बहिणीला गुठळी झाली, हे त्यात भर घालणारे दुसरे कारण. तुमची प्रोटीन एसची तपासणी निर्दोष आली तरी हा सल्ला बदलणार नाही, कारण घराण्यातील इतिहास हाच स्वतः एक धोका आहे आणि आज उपलब्ध असलेल्या तपासण्यांत सगळे जन्मजात दोष सापडत नाहीत.

नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातील औषध आहे, हे खरे. परंतु पाळी पुढे ढकलण्यासाठी ते गर्भनिरोधनाच्या मानाने पुष्कळ मोठ्या मात्रेत, बहुधा पाच मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, घेतले जाते, आणि त्याचा काही अंश शरीरात एथिनिल इस्ट्राडायोलमध्ये रूपांतरित होतो. एखाद्या निरोगी स्त्रीला काही दिवसांत त्याने अपाय होण्याची शक्यता अगदी अल्प आहे. पण जन्मजात कल, रक्तक्षय, निर्जळी उपवास आणि या गोळ्या एकत्र आल्या की धोके नुसते एकमेकांत मिळवले जात नाहीत, ते एकमेकांना गुणतात. मिलानमधील १९९८ सालच्या एका अभ्यासात प्रोथ्रॉम्बिनचा जनुकबदल असलेल्यांत या आजाराचा धोका सुमारे दहापट, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत सुमारे बावीसपट, आणि दोन्ही असलेल्यांत जवळजवळ दीडशेपट आढळला. रुग्ण केवळ ४० होते, त्यामुळे आकडे शब्दशः घेऊ नयेत. दिशा मात्र स्पष्ट आहे.

आपल्याकडे श्रावणापासून दिवाळीपर्यंत औषधांच्या दुकानांतून या गोळ्या चिठ्ठीशिवाय नेल्या जातात, शेजारणीला दिल्या जातात, आणि नवरात्रात हाच क्रम पुन्हा चालतो. ‘घरात कोणाला गुठळी झाली होती का’ हा एक प्रश्न विचारल्याशिवाय त्या कोणालाही मिळू नयेत, असे माझे ठाम मत आहे. गौरी घरी आल्या म्हणून एखाद्या मुलीने आपले शरीर अशा धोक्यात घालावे, अशी अपेक्षा कुटुंबांनीही ठेवू नये.

सूतिका, नाशिक

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. गर्भधारणेचा प्रश्न राहून गेला आहे, म्हणून लिहिते. एकदा मेंदूच्या शिरेत गुठळी झाली म्हणून पुढे मूल होऊ देऊ नये, असे नाही; पुन्हा तोच आजार होण्याचे प्रमाण अल्प आहे. परंतु ते गर्भारपण आधी ठरवलेले असले पाहिजे. अ‍ॅसेनोकौमारॉल आणि वॉरफरिन पहिल्या तिमाहीत, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, गर्भाला अपाय करतात. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत गर्भधारणा टाळावी आणि त्यासाठी तांबी बसवून घेणे सोयीचे ठरते. फक्त या गोळ्यांमुळे पाळीत रक्तस्राव अधिक होऊ शकतो आणि तिचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, तेव्हा हार्मोनयुक्त, पण इस्ट्रोजेनविरहित, गर्भाशयात बसवायच्या साधनाचाही विचार डॉक्टरांशी बोलून करावा.

गर्भ राहिल्यावर लघुरेणू हेपॅरिनची इंजेक्शने देतात. ती वार ओलांडून बाळापर्यंत जात नाहीत. ती बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे चालू ठेवावी लागतात, कारण गुठळीचा धोका त्या काळात सर्वांत अधिक असतो. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची आणि अंथरुणातून उठू न देण्याची जी रीत काही घरांत आहे, ती तुमच्या बहिणीच्या बाबतीत पाळू नका. अंगावर पाजताना हेपॅरिन आणि वॉरफरिन दोन्ही चालतात.

आणखी एक. मावशींच्या मुली असतील तर त्यांनाही ही माहिती द्या. प्रोटीन एसची कमतरता खरोखर निश्चित झाली, तर ती आई-वडिलांपैकी एकाकडून प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. ती असलेल्या पुष्कळ जणांना आयुष्यात कधीही गुठळी होत नाही, म्हणून सगळ्या घराची सरसकट तपासणी करून भीती पसरवण्याची गरज नाही. ज्या मुलीला हार्मोनच्या गोळ्या सुरू करायच्या आहेत किंवा जिला दिवस राहिले आहेत, तिने मात्र डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत मावशींचा आणि तुमच्या बहिणीचा आजार सांगावा आणि तपासणी करायची की नाही हे त्यांच्याशी बोलून ठरवावे. बहिणीच्या व्हेनोग्राफीच्या अहवालाची एक प्रत त्यासाठी सोबत दिलीत तर त्यांचे काम सोपे होईल.